‘तडजोड’ म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं?

विचारणा

अमेरिकेतल्या २०१६ च्या डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या लढतीवर लेख लिहितोय आणि एका वाक्यापाशी अडलोय. १३ ऑक्टोबर २०१५ ला लास वेगसच्या वादफेरीत हिलरी क्लिंटन म्हणाल्या होत्या, की मी पुरोगामी आहे, पण कामं करून दाखवायला आवडणारी पुरोगामी आहे. रोख अर्थात प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांच्यावर. मी खर्ड्यात लिहिलं, ‘सँडर्स आदर्शवादी, तर क्लिंटन तडजोडवादी.’ बायकोनं वाचून विचारलं, ‘‘हिलरीवर एवढा राग का?’’ राग अजिबात नाही. मग हा वास आला कुठून? ‘व्यवहारवादी’ लिहू का?

आणि ‘प्रायमरी’ला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाला, काय म्हणावं? ‘प्राथमिक निवडणूक’ म्हटलं की मला तरी जिल्हा परिषदेची शाळा दिसते.

उत्तर

वहिनींचा कान पक्का आहे. ‘तडजोड’ बिचारी साधी आहे, तिला ‘वादी’ चिकटवलंत तिथे घात झाला. तडजोड दोघांत होते, भांडणाच्या शेवटी होते. तो कुणाचा स्वभाव नसतो. लोकअदालतीत तडजोड होते, आरटीओच्या चलनावर तडजोड शुल्क असतं. आणि लाचलुचपतची कुठलीही बातमी काढा : पन्नास हजार मागितले, ‘तडजोडीअंती’ तीस हजार ठरले. हा ‘तडजोडीअंती’ आता त्या बातमीचा घरजावई झालाय. लग्नानंतरची तडजोड म्हटलं, की ती कुणी केली हे विचारायचीही गरज पडत नाही. असा शब्द माणसाची ओळख म्हणून लावला, तर ‘तत्त्व विकून मोकळी झालेली’ असंच ऐकू येणार.

‘व्यवहारवादी’ तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात ठेवा. ‘व्यवहारी’ म्हणाल तर आहेराची पाकिटं तिथल्या तिथे फोडून वहीत मांडणारे काका डोळ्यांपुढे येतात. ‘व्यवहार्य’ शब्द चांगला, पण तो योजनेला लागतो, माणसाला नाही. गंमत म्हणजे क्लिंटन यांचं म्हणणंही तेच होतं : सर्वांसाठी सरकारी आरोग्यविमा ही सँडर्स यांची योजना अमेरिकी संसदेत पार होणार नाही, म्हणजे व्यवहार्य नाही.

‘आदर्शवादी’सुद्धा तटस्थ नाही. सँडर्स यांचे पाठीराखे त्यांना ध्येयवादी म्हणतील, विरोधक स्वप्नाळू. यातला कुठला उचलता त्यावरून तुमचं मत कळतं. शिवाय हे गृहस्थ १९८१ मध्ये अवघ्या दहा मतांनी व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनचे महापौर झाले आणि आठ वर्षं त्यांनी ते शहर चालवलं. व्हरमाँटच्या हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ ध्येयवादानं हटत नाही हो.

माझी सूचना ‘मुरड’. तत्त्वाला मुरड घालणे. करंजीची कड दुमडून नीट मुरड घातली नाही, तर तेलात सोडल्याबरोबर सारण बाहेर. आतलं सारण टिकावं म्हणून कड दुमडायची, हा अर्थ तुम्हाला हवाय.

दुसरं उत्तर

काका, करंजी झकास, पण बोलताना आपण मुरड कशाला घालतो? हौसेला. इच्छेला. तिथे मुरड म्हणजे कात्रीच. ‘क्लिंटन यांनी तत्त्वांना मुरड घातली’ हे वाक्य छापलंत, तर वाचक सारणापर्यंत पोचणारच नाही. ‘सुवर्णमध्य’ही नको, तो अग्रलेखातच सापडतो.

आणि मुळात प्रायमरी चालू असताना तडजोड झाली कुठे? तेव्हा सँडर्स किमान वेतन ताशी १५ डॉलर मागत होते, क्लिंटन देशपातळीवर १२ म्हणत होत्या. दोघांचे आकडे वेगळेच. तडजोड झाली ती क्लिंटन यांची उमेदवारी नक्की झाल्यावर, जुलै २०१६ मध्ये, आणि तिथे तुमचा शब्द चपखल बसतो. सरकारी कॉलेजांची फी सगळ्यांना माफ, ही सँडर्स यांची मागणी. क्लिंटन यांनी ती सव्वा लाख डॉलरपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांपुरती उचलली. वेतनाबाबत मात्र १२ आणि १५ चं साडेतेरा झालं नाही, पक्षाच्या जाहीरनाम्यात सरळ १५ आले. १२ जुलैला न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्‌समथमध्ये सँडर्स यांनी क्लिंटनना पाठिंबा जाहीर केला. पुढे फिलाडेल्फियाला पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी आपल्या प्रतिनिधींना ‘आता क्लिंटनना निवडून आणायचंय’ म्हटलं, तेव्हा त्यांच्याच माणसांनी हुर्यो उडवली. नेत्याच्या लेखी जी तडजोड, ती त्या सभागृहातल्या कार्यकर्त्याच्या लेखी शरणागती. लेखात दोन्ही शब्द येऊ द्या, पण ज्याचे त्याच्या तोंडी.

आयोवाहून

मी तेव्हा इथे नवीन होते, मताचा हक्क नव्हता, नुसती बघायला गेले होते. १ फेब्रुवारी २०१६ ची रात्र, शाळेचा हॉल. इथे तेव्हा कॉकस असायचा, प्रायमरीसारखी गुप्त मतपेटी नसायची. डेमोक्रॅट लोक चक्क उमेदवारानुसार कोपरे धरून उभे राहायचे. एका कोपऱ्यात क्लिंटन, दुसऱ्यात सँडर्स आणि दाराजवळ तिसरे उमेदवार ओमॅली यांची चार माणसं. मोजणी झाली. पंधरा टक्के भरले नाहीत, की त्या गटाला दुसरीकडे जावं लागायचं किंवा घरी. त्या चौघांना दोन्हीकडून हाका सुरू झाल्या, एक बाई तर बिस्किटांचा डबा घेऊन आली. एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ टोपी हातात फिरवत उभे होते. मग हळूहळू क्लिंटन यांच्या कोपऱ्यात गेले, पण भिंतीला टेकून, जरा अंतर ठेवून.

याला तडजोड कशी म्हणायची? त्यांना बदल्यात काहीच मिळालं नाही. माझी आजी म्हणाली असती, दुधाची तहान ताकावर. मतदाराच्या बाजूनं लिहाल तेव्हा हे वापरा. त्या रात्री राज्यात दोघांत फक्त ०.२ टक्क्यांचा फरक राहिला, क्लिंटन ४९.८ आणि सँडर्स ४९.६. म्हणजे ताक पिणाऱ्यांनाही भाव होता.

प्रायमरीला आमच्याकडची मराठी मंडळी ‘तिकिटाची निवडणूक’ म्हणतात. भारतात तिकीट श्रेष्ठी देतात, इथे मतदार देतो, एवढं सांगितलं की फोनवर आईलाही कळतं.

पुन्हा पहिले काका

मुरड मागे घेतो. पण या भूमिकेला आपल्याकडे एक भारदस्त शब्द तयार आहे : प्रतियोगी सहकारिता. १९१९ च्या सुधारणा कायद्यावर अमृतसर काँग्रेसच्या वेळी टिळकांनी घेतलेली भूमिका. सुधारणा अपुऱ्या आहेत हे ठणकावून सांगायचं, तरी मिळालं ते वापरायचं आणि उरलेल्यासाठी भांडत राहायचं. पुढे केळकर-जयकरांचा पक्षच त्या नावाचा झाला. यात पड खाल्ल्याचा भाव नाही, हे महत्त्वाचं. जहाल म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसानं हे धोरण धरलं, हेही लक्षात घ्या. शब्द आज जड वाटतो हे कबूल, पण एकदा वापरून समजावून सांगितलात तर सँडर्स यांच्या जुलैतल्या पाठिंब्याला तो तडजोडीपेक्षा जवळचा आहे.

आणि क्लिंटन यांच्या त्या वाक्यासाठी : ‘काम तडीस नेणारी पुरोगामी’. तड म्हणजे काठ. मागच्या किनाऱ्यावरून नुसती हाक मारणारी नाही, होडी पलीकडे लावणारी.

विचारणारा

‘तडीस नेणारी’ घेतलं. बायकोनं पास केलं. ‘तिकिटाची निवडणूक’ पहिल्या परिच्छेदात, पुढे सगळीकडे प्रायमरी. टिळक चौकटीत टाकतो, संपादकांनी ठेवले तर.

एक राहिलं. सुपरडेलिगेट? प्रायमरीत मतदारांनी न निवडलेले, खासदार-राज्यपाल वगैरे म्हणून पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या अधिवेशनात आपोआप प्रतिनिधी होणारे. ‘महाप्रतिनिधी’ लिहिलंय.

दुसरं उत्तर

अहो, पदसिद्ध प्रतिनिधी! आपल्या सोसायटीच्या घटनेतसुद्धा हा शब्द असतो. २०१८ मध्ये पक्षानं नियम बदलला, चुरस असेल तर अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत त्यांना मत नाही. तेही लिहा.