मदत हवी आहे: जुन्या बाडातला ‘बोळ’ आणि ‘हिरादखण’ नक्की कुठला?

नमस्कार मंडळी, पणजोबांचं औषधांचं एक मोडी बाड आहे, ते मी गेले काही महिने देवनागरीत उतरवतेय आणि परदेशातून यायच्या औषधांच्या नावांपाशी सारखी अडतेय.

एक कोडं सुटलं ते आधी सांगते. ‘द्वीपांतर वचा’ वाचून मी बिनधास्त वेखंड लिहून टाकलं होतं, वचा म्हणजे वेखंडच की. पण नुस्खा फिरंगरोगावरचा (म्हणजे गरमी, उपदंश) होता म्हणून भावप्रकाश हा आयुर्वेदाचा जुना ग्रंथ काढून बघितला, तर त्याच रोगावर हेच नाव आणि ती निघाली चोपचिनी! चीनकडून यायचं ते मूळ, गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या पुस्तकातही आहे. वेखंडाशी काडीचा संबंध नाही.

आता अडलंय ते. बाळंतिणीच्या एका औषधात ‘...बोळ तोळा १’ एवढंच उरलंय, आधीची अक्षरं कसरीने खाल्लीयेत. हिराबोळ असेल तर तो सोमालिया-अरबस्तानकडच्या झाडाचा डिंक, आणि काळा बोळ असेल तर कोरफडीचा आटवलेला रस म्हणजे एळिया, जो जबरदस्त रेचक. मला औषध करायचं नाहीये हो, नुसतं उतरवून ठेवायचंय, पण मी चुकीचं लिहिलं तर पुढचा वाचणारा तेच खरं धरेल आणि ते मला नकोय. पुढची ओळ वाचता येते, ‘पाण्यात खलावा, पाणी दुधासारखे होते’. हिराबोळ खलला की पाणी असं गढूळ दुधाळ होतं, एळियाचं तसं होत नाही, म्हणून माझा कल हिराबोळाकडे आहे. बरोबर धरतेय ना?

दुसरं, ‘हिरादखण, बेटावरचा’. लाल राळ हे नक्की. पण अरबी समुद्रातल्या सोकोत्राच्या झाडाची राळ वेगळी आणि सुमात्राकडच्या वेताच्या फळांवरची वेगळी, नाव मात्र दोन्हींना हेच, आणि गंमत म्हणजे दोन्ही बेटंच! त्यात बिवळ्याच्या झाडाच्या लाल डिंकाशीही गल्लत होते. दुसऱ्या कुठल्या बाडात ‘बेटावरचा’ असं कुणी वाचलंय का, आणि पुढे कुठल्या बंदराचं नाव होतं का? तेवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

पानाचे फोटो हवे असतील तर टाकते, कसर लागलेला भाग जवळून काढलाय.