संशोधन खुले झाले. ते पारखणाऱ्यांचे श्रम विद्यापीठे केव्हा मोजणार?

चर्चाप्रस्ताव : भौतिकशास्त्राचा अध्यापक, बेळगाव

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘केअर’ ही मान्य नियतकालिकांची यादी बंद केली आणि कोणते नियतकालिक विश्वासार्ह मानायचे हे ठरवण्याची जबाबदारी ज्या त्या शिक्षणसंस्थेवर सोपवली. सीमाभागातील आम्हा अध्यापकांमध्ये या निर्णयाची चर्चा ‘आता कुठे छापलेला शोधनिबंध चालेल’ एवढ्यावरच थांबली. माझ्या मते प्रश्न त्याहून मोठा आहे. संशोधनाची देवाणघेवाण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आंतरजालावर गेली आणि तिच्यामागोमाग संशोधन निवडण्याचे, पारखण्याचे, चुका दाखवण्याचे व नोंदी नीट लावून ठेवण्याचे कामही तिथेच गेले. विद्यापीठे मात्र अजून केवळ छापलेला निबंध मोजतात. हे दुसरे कामही बढतीच्या आणि पीएच.डी.च्या मूल्यमापनात धरले जावे, असे मी ठामपणे मांडतो.

भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे भौतिकशास्त्राच्या प्रीप्रिंटांसाठी, म्हणजे नियतकालिकात छापून येण्यापूर्वीच्या निबंधांसाठी, एक संग्रह सुरू केला. २००१ मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठात गेला आणि आज ‘आर्काइव्ह’ या नावाने जगभर वापरला जातो. गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमान यांनी गणितातील प्वाँकारे यांच्या प्रसिद्ध अटकळीची सिद्धता २००२ आणि २००३ मध्ये याच संग्रहावर ठेवली आणि ती कोणत्याही नियतकालिकाकडे पाठवली नाही. इतर गणितज्ञांनी अनेक वर्षे खपून ती तपासली, तपशील भरले आणि ती बरोबर असल्याची खात्री दिली. पेरेलमान यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. तपासणाऱ्यांचे परिश्रम कोणत्या रकान्यात बसतात?

कर्नाटकातील उदाहरण अधिक बोलके आहे. जुलै २०१८ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील दोन शास्त्रज्ञांनी सोने आणि चांदीच्या नॅनोरचनेत २३६ केल्विनला, म्हणजे उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास, अतिवाहकता (विजेला कोणताही रोध न होणे) दिसल्याचा दावा आर्काइव्हवर ठेवला. दावा खरा ठरता तर विज्ञानाच्या इतिहासातील तो फार मोठा टप्पा झाला असता. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतील एमआयटीचे ब्रायन स्किनर यांनी त्यातील एक आलेख बारकाईने पाहिला आणि वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांत घेतलेल्या दोन मापनांमधील नॉइजचे (मापनात मिसळणाऱ्या नको त्या खळबळीचे) चढउतार हुबेहूब सारखे असल्याचे दाखवून दिले. नॉइज हा यदृच्छेने येतो; तो दोन स्वतंत्र मापनांत तसाच्या तसा येणे अपेक्षित नसते. हे काम स्किनर यांना कोणत्याही संपादकाने सोपवले नव्हते. बेळगाव, निपाणी किंवा गडहिंग्लजच्या एखाद्या अध्यापकाच्या नजरेला हे आधी पडले असते, तर बढतीच्या अर्जात त्याने ते कुठे नोंदवले असते?

२००९ च्या आरंभी गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांनी गणितातील एक कठीण प्रमेय सर्वांसमक्ष, खुल्या सहकार्याने सोडवण्याचा प्रयोग केला. ३७ दिवसांत २७ जणांनी सुमारे ८०० टिप्पण्यांमधून सिद्धतेचा गाभा तयार केला आणि निबंध ‘डी. एच. जे. पॉलिमॅथ’ या सामूहिक टोपणनावाने प्रसिद्ध झाला. कोणी कोणत्या दिवशी काय सुचवले, कोणाची वाट चुकली आणि कोणी ती सुधारली, हे सारे तारीखवार उपलब्ध आहे. श्रेयाचा इतका स्वच्छ हिशेब छापील निबंधातील लेखकांच्या यादीत कधीच मिळत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की राणी चन्नम्मा विद्यापीठासारख्या, २०१० मध्ये स्थापन झालेल्या आणि म्हणून जुन्या सवयींचे ओझे कमी असलेल्या विद्यापीठाने स्वनामाने केलेली खुली समीक्षा, प्रयोगाची विदा (डेटा) व्यवस्थित नोंदींसह सार्वजनिक करणे आणि एखाद्या विषयावरील विखुरलेल्या साहित्याची टीपांसह निवड करणे यांना शोधनिबंधाच्या बरोबरीने गुण द्यावेत. आयोगाने २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती काढून टाकलेलीच आहे. त्या मोकळ्या जागेत काय यावे हे आपण ठरवले नाही तर तिथे काहीच येणार नाही.

प्रतिसाद : निवृत्त प्राध्यापक, रसायनशास्त्र, खानापूर

आपल्या तळमळीविषयी मला आदर आहे, पण सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे. गुण कशाला मिळतात हे एकदा जाहीर झाले की त्या गोष्टीचे उत्पादन सुरू होते. निबंधांना गुण मिळू लागले तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके गल्लोगल्ली निघाली. ‘केअर’ यादी २०१८ मध्ये जाहीर करावी लागली ती याच कारणाने. उद्या समीक्षेला गुण मिळाले तर चार सहकारी एकमेकांच्या निबंधांवर स्तुतीच्या टिप्पण्या लिहितील आणि त्यांचे प्रमाणपत्र अर्जाला जोडतील. अध्यापनाची अखंड कारकीर्द याच जिल्ह्यात घालवल्यामुळे मी हे अनुमानाने बोलत नाही.

दुसरे असे की तज्ज्ञ-परीक्षणाआधी, म्हणजे नियतकालिकाने नेमलेल्या जाणकारांनी तपासण्याआधी, मजकूर जगापुढे ठेवण्याची किंमत समाज मोजतो. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतील संशोधकांनी जीवशास्त्राच्या ‘बायोआर्काइव्ह’ या संग्रहावर एक प्रीप्रिंट ठेवला. नव्या कोरोना विषाणूत एचआयव्हीशी साम्य असणारे तुकडे आहेत, असा त्याचा आशय होता. अशा लहान तुकड्यांचे साम्य इतर कितीतरी सजीवांतही सापडते, हे जाणकारांनी लगेच दाखवले आणि २ फेब्रुवारीला तो मागे घेण्यात आला. परंतु विषाणू प्रयोगशाळेत बनवला गेला याचा ‘पुरावा’ म्हणून तो पुढे फिरतच राहिला. परीक्षकाने बंद दाराआड पहिल्याच वाचनात जे थांबवले असते, ते लोकांच्या हातात पडले.

प्रतिसाद : ग्रंथपाल, अनुदानित महाविद्यालय, निपाणी परिसर

आपण दोघेही ज्या संशोधनाविषयी बोलत आहात ते आमच्यापर्यंत पोहोचते का, हा माझा पहिला प्रश्न आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. योजनेचे मी मनापासून स्वागत केले. मात्र तिची आखणी केंद्र व राज्य सरकारांच्या संस्थांसाठी आहे आणि आमचे महाविद्यालय खासगी शिक्षणसंस्था चालवते. सरकारी महाविद्यालयातील विद्यार्थी जो निबंध एका क्षणात उघडतो, त्यासाठी आमच्या विद्यार्थिनीला लेखकाला पत्र लिहून प्रत मागावी लागते.

अशा वेळी खुले संग्रह हाच आमचा आधार आहे. पूर्वी या भागातील महाविद्यालये कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती आणि एखादा प्रबंध पाहायचा तर बसने धारवाड गाठावे लागे. आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक झाले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेल्या ‘शोधगंगा’ या प्रबंधसंग्रहामुळे ही पायपीट बरीच कमी झाली.

परंतु साठा म्हणजे निवड नव्हे. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात २००३ मध्ये सुरू झालेल्या खुल्या नियतकालिकांच्या सूचीने २०१६ मध्ये सर्वांकडून नव्याने अर्ज मागवले आणि मुदतीत योग्य अर्ज न आलेली सुमारे ३,३०० नियतकालिके एका झटक्यात वगळली. कोणीतरी एकेक अर्ज वाचला, एकेक संपादक मंडळ तपासले, तेव्हा त्या सूचीला अर्थ उरला. आमच्याकडे हे काम ग्रंथपाल करतो आणि ते काम म्हणून कोठेही धरले जात नाही. म्हणून मी प्रस्तावाच्या बाजूने आहे, पण गुणांचा लाभ केवळ अध्यापकांना मिळणार असेल तर तो अपुरा आहे.

प्रतिसाद : प्राणिशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी, जांबोटी परिसर

विदा सार्वजनिक करण्यालाच गुण द्यावेत, या वाक्यावर मला थांबावेसे वाटते. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या परिसरातील बारापेडे गुहांमध्ये रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ राहते. १९१३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले ते इथल्याच नमुन्यांवरून, आणि पुढे कितीतरी दशके जगात त्याचे एवढेच ठिकाण ज्ञात होते. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही आढळले. अशा वसाहतीचे अचूक अक्षांश-रेखांश, प्रवेशाची वाट आणि पिल्लांचा हंगाम हे सर्व खुल्या कोष्टकात ठेवणे म्हणजे हौशी पर्यटकांना आणि छायाचित्रकारांना थेट आमंत्रण आहे. ‘आयनॅचरलिस्ट’सारख्या निसर्गनोंदींच्या व्यासपीठावर संकटग्रस्त जातींच्या नोंदींचे ठिकाण मुद्दाम धूसर केले जाते ते याचसाठी.

वनस्पतींच्या पारंपरिक उपयोगांबाबतही हेच म्हणता येईल. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट भारताने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. त्यानंतर पारंपरिक ज्ञानाचे जे डिजिटल ग्रंथालय उभे राहिले, ते प्रामुख्याने पेटंट कार्यालयांना पाहण्यासाठी ठेवण्यात आले. सर्वांसाठी खुले केले गेले नाही. कणकुंबी किंवा चोर्ल्याच्या बाजूला एखाद्या वृद्ध वैदूने विश्वासाने सांगितलेली माहिती त्याच्या संमतीवाचून संग्रहात घातली आणि त्यावर मला गुण मिळाले, तर ते मला मान्य होणार नाही. काय उघड करायचे नाही हे ठरवणे हादेखील निवडीचाच भाग आहे, आणि माझ्या विषयात तर तोच सर्वांत अवघड भाग आहे.

प्रतिसाद : प्रस्तावकर्ता

विद्यार्थिनीचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारतो. गुण विदा उघड करण्याला नसून तिच्याविषयी जबाबदार, कारणांसह निर्णय घेण्याला असावेत.

प्राध्यापक सरांशी मात्र माझा मतभेद कायम आहे. सर, आपण सांगितलेला प्रीप्रिंट दोन दिवसांत मागे गेला, आणि तो गेला तो खुल्या टीकेमुळेच. आता बंद दाराआडचे उदाहरण पाहावे. डिसेंबर २०१० मध्ये ‘सायन्स’ या अग्रगण्य नियतकालिकाने कॅलिफोर्नियातील मोनो सरोवरातील जिवाणू फॉस्फरसऐवजी आर्सेनिकवर जगू शकतात, असा निबंध रीतसर तज्ज्ञ-परीक्षण करून प्रसिद्ध केला. कॅनडातील रोझी रेडफील्ड यांनी काही दिवसांतच त्यातील त्रुटी जाहीरपणे मांडल्या. नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला जुलै २०२५ मध्ये. एकीकडे दोन दिवस, दुसरीकडे साडेचौदा वर्षे.

प्रतिसाद : निवृत्त प्राध्यापक, खानापूर

आपण अर्धीच हकीकत सांगितली आहे. रेडफील्ड यांचा आक्षेप निर्णायक ठरला तो २०१२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह तेच जिवाणू वाढवले, त्यांचा डीएनए तपासला आणि आर्सेनिक आढळत नसल्याचे ‘सायन्स’मध्येच तज्ज्ञ-परीक्षित निबंधातून दाखवले तेव्हा. टिप्पणी लिहिणे आणि काचपात्र हातात घेणे यांतील अंतर मी विद्यार्थ्यांना कायम सांगत आलो. आपल्या योजनेत पहिल्या कामाला दुसऱ्याइतकेच गुण मिळतील, हीच माझी चिंता आहे.

रेडफील्ड यांनी तो निबंध छापण्यापूर्वी आर्काइव्हवर ठेवला होता, हे मला माहीत आहे आणि ते योग्यच होते. माझा विरोध खुलेपणाला नाही. तो खुलेपणाचे गुणपत्रक करण्याला आहे.

प्रतिसाद : कृषी पदवीधर शेतकरी, संकेश्वर

आमच्या बाजूला सोयाबीनवर तांबेरा आला की पूर्ण हंगाम हातातून जातो. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने तांबेऱ्याला प्रतिकारक ‘डीएसबी २१’ हे वाण दिले. त्यासारख्या संशोधनामागचे प्रबंध ‘कृषिकोश’ संग्रहात शोधता येतात, आणि मी ते वाचतो. बहुतेक शेतकरी ते वाचू शकत नाहीत, कारण ते इंग्रजीत आहेत. सीमेच्या अलीकडचे मराठी शेतकरी आणि त्यांच्या बांधाला बांध असलेले कन्नड शेतकरी एकाच रोगाशी झुंजतात. प्रबंधाचा दोन पानांचा सार मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहून संग्रहाला जोडणे हे काम मोजायला घ्या. त्यात खोटेपणा लगेच उघडा पडतो, कारण सांगितलेला उपाय शेतात चालतो किंवा चालत नाही.

प्रतिसाद : पीएच.डी. करणारा विद्यार्थी, चिकोडी

‘स्वनामाने केलेली खुली समीक्षा’ ही अट कोणी विचारपूर्वक घातली आहे का? २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘पबपीअर’ या संकेतस्थळावर प्रसिद्ध संशोधनाविषयी नाव न देता आक्षेप नोंदवता येतात आणि प्रतिमांमधील फेरफार उघडकीस येण्यात त्या सोयीचा मोठा वाटा आहे. आमच्या विषयात या संपूर्ण भागात मोजकेच मार्गदर्शक आहेत. ज्यांच्या आलेखावर मी आज शंका घेईन, तेच उद्या माझ्या मौखिक परीक्षेला समोर असतील किंवा माझ्या नेमणुकीच्या समितीत असतील. नाव दिले तर माझे नुकसान, आणि नाव न दिले तर गुण नाहीत. अशा योजनेत फक्त निरुपद्रवी समीक्षाच लिहिली जाईल.

प्रतिसाद : प्रस्तावकर्ता

हा आक्षेप आतापर्यंतचा सर्वांत गंभीर आहे आणि माझ्या मूळ सूचनेत त्याला उत्तर नव्हते. नाव केवळ मूल्यमापन समितीला कळावे आणि बाहेर टोपणनाव राहावे, असा बदल मी करतो. समितीतच संबंधित मार्गदर्शक बसले तर काय, असे आपण विचाराल. त्यासाठी समितीतील बहुसंख्य सदस्य विद्यापीठाबाहेरचे असावेत. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, गोवा विद्यापीठ आणि धारवाड ही तिन्ही ठिकाणे बेळगावहून सकाळी निघून रात्री परत येण्याइतकी जवळ आहेत आणि तिथल्या अध्यापकांच्या हातात आमच्या बढत्या नाहीत. प्राध्यापक सरांच्या आक्षेपासाठीही हीच समिती उपयोगी पडेल, कारण एकमेकांची स्तुती ओळखणे परक्याला सोपे जाते. प्रयोग करून केलेल्या खंडनाला नुसत्या टिप्पणीपेक्षा किती अधिक गुण द्यावेत, हे प्रमाण सरांनीच सुचवावे, अशी माझी विनंती आहे.