शब्दचर्चा : व्हिडिओ ‘थेट’ चालवणे, की ‘तिथल्या तिथे’ लावणे?

प्रश्न

आमच्या वाचनालयातल्या संगणकांजवळ लावायला एक सूचनापत्रक लिहिते आहे. दुव्यावर क्लिक केलं की व्हिडिओची फाइल डाउनलोड न होता ब्राउझरमध्येच दिसायला लागावी, त्यासाठी काय करायचं हे त्यात सांगायचं आहे. मी लिहिलं, ‘ब्राउझरमध्ये थेट व्हिडिओ चालवण्यासाठी’. एका आजोबांनी वाचून विचारलं, ‘म्हणजे मॅच बघायची सोय केलीत का?’ ‘थेट’ काढून काय लिहावं? ‘आपोआप’ चालेल का?

उत्तर

आजोबांचं वाचन बरोबर आहे. ‘थेट प्रक्षेपण’ आपण इतकी वर्षं ऐकतोय की ‘थेट’च्या पुढे व्हिडिओ, सामना, सोहळा असं काही आलं की ते आत्ता घडतंय असंच वाटतं. ‘थेट’चा जुना अर्थ मध्ये कुठे न थांबता, मधला कुणी न घालता, असा आहे : थेट मुंबईला गेला, थेट भरती. तो अर्थ हवा असेल तर शब्द क्रियेजवळ न्या. ‘थेट व्हिडिओ ब्राउझरमध्ये’ आणि ‘व्हिडिओ थेट ब्राउझरमध्ये’, शब्द तेच, पण दुसऱ्या वाक्यात मॅचची शंका येत नाही.

तरी मी ‘तिथल्या तिथे’ लिहीन. फाइल कुठे उतरवायची नाही, दुसरं ॲप उघडायचं नाही, आहे त्याच टॅबमध्ये बघायचं, हे सगळं त्यात येतं आणि तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

‘आपोआप’ मात्र नको. पान उघडल्याबरोबर, कुणी हात न लावता व्हिडिओ सुरू होणं म्हणजे आपोआप. ती वेगळीच गोष्ट आहे. क्रोमने २०१८मध्ये आणि फायरफॉक्सने २०१९मध्ये आवाजासकट आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंना आळा घातला, आणि त्यासाठीचं सेटिंगही निराळं असतं. तुमच्या पत्रकात तो शब्द आला तर लोक चुकीच्या जागी शोधत बसतील.

आणखी एक मत

‘परस्पर’ सुचवावंसं वाटत होतं, पण त्या शब्दाला तक्रारीचा वास आहे. ‘त्यांनी परस्पर जागा विकली’ म्हणजे आपल्याला न विचारता. ‘ब्राउझर परस्पर व्हिडिओ दाखवतो’ म्हटलं तर ब्राउझरने आगाऊपणा केल्यासारखं होतं. उलट न विचारता फाइल डाउनलोड झाली, तर तिथे तो चपखल बसतो : फाइल परस्पर उतरली.

माझा खरा आक्षेप ‘चालवणे’वर आहे. आपण रेडिओ लावतो, गाणं लावतो, टीव्ही लावतो. व्हिडिओही लावतोच. ‘व्हिडिओ चालत नाही’ या वाक्यातून नेमकं काय कळतं? फाइल खराब आहे, ब्राउझरला ती उलगडता येत नाही, की वाचनालयात व्हिडिओ बघायला परवानगी नाही? ‘इथे चालत नाही’ हे आपण नियमाबद्दलही म्हणतो. मदत करणाऱ्याला तर हा फरक कळायलाच हवा. ‘उतरतो पण लागत नाही’, ‘लागतो पण चित्र दिसत नाही, नुसता आवाज येतो’ असं कुणी सांगितलं तर अर्धं निदान तिथेच होतं. चित्र नाही आणि आवाज आहे म्हटलं की मी आधी कोडेक, म्हणजे चित्र-आवाज दाबून साठवण्याची पद्धत, बघतो. फाइलच्या नावापुढे एमपी४ असलं तरी ते फक्त डब्याचं नाव आहे. आत चित्र एच.२६४ या कोडेकमध्ये असेल तर सहसा अडत नाही. बऱ्याच नव्या फोनवर होणारं एचईव्हीसी या दुसऱ्या कोडेकमधलं चित्रण मात्र सगळ्या ब्राउझरांत, सगळ्या संगणकांवर लागेलच असं नाही.

पुन्हा पहिले उत्तरकर्ते

‘लावणे’ मान्य. जुन्या लेखांत ‘ब्राउझरमध्ये थेट’ दिसलं तर मात्र जपून वाचा, कारण तिथे त्याचा अर्थ बहुधा ‘प्लगइन (ब्राउझरला जोडायचा वेगळा प्रोग्रॅम) न टाकता’ असा असतो. पूर्वी व्हिडिओ दाखवायला फ्लॅश, क्विकटाइम असं काहीतरी वेगळं टाकून घ्यावं लागे. वेबपानं लिहिण्याच्या भाषेच्या एचटीएमएल५ या आवृत्तीत व्हिडिओसाठी स्वतंत्र खूण (टॅग) आली, जानेवारी २०१५मध्ये यूट्यूबने तोच मार्ग मुख्य केला, आणि २०२०च्या अखेरीस फ्लॅशचा आधार बंद झाला. आता ‘थेट’ म्हणजे ‘डाउनलोड न करता’. शब्द तोच राहिला, त्याने वगळलेला मधला टप्पा बदलला. म्हणून ‘अमुक प्लेअर टाका’ असं सांगणाऱ्या जुन्या सूचना पत्रकात उतरवू नका. त्या नावाने आज मिळणारी फाइल घातकही असू शकते.

आणि ‘सेटिंग बदला’ लिहिण्याआधी एक करून बघा. डाउनलोड झालेली फाइल माउसने धरून ब्राउझरच्या रिकाम्या टॅबवर सोडा. ती तिथे लागली, तर ब्राउझरला ती उलगडता येते. डाउनलोड होण्याचं कारण बहुतेक पाठवणाऱ्या सर्व्हरकडे आहे. फाइलसोबत ‘ही जोडपत्र म्हणून द्या’ असा निरोप आला, किंवा ती व्हिडिओ आहे हे सर्व्हरने सांगितलंच नाही, की ब्राउझर ती उतरवून ठेवतो. तिथे तुमच्या बाजूचं सेटिंग फारसं कामाला येत नाही. टॅबवर सोडूनही लागली नाही, तर प्रकार किंवा कोडेक आड येतोय. जुन्या एव्हीआय फाइलींचं हेच होतं. त्या व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये लावा किंवा एमपी४ करून घ्या.

प्रश्नकर्त्या

आभार. पत्रक असं केलं आहे :

‘व्हिडिओ तिथल्या तिथे लागला नाही आणि फाइल उतरली, तर ती फाइल ब्राउझरच्या नव्या टॅबवर ओढून सोडा. तरीही लागला नाही, तर काउंटरवर या. येताना एवढं बघून या : चित्र येत नाही, आवाज येत नाही, की दोन्ही?’

‘ओढून सोडा’ आजोबांना कळलं. ‘टॅब’ कळला नाही, तो बोटाने दाखवला.