कोजागिरीनंतरचा शनिवार: कांदाटी खोरं, बार्ज आणि काकांचा एकच मुद्दा

मंदार (बी-४०३): मोटारसायकल ट्रिपचा पोल टाकून किती दिवस झाले ते वर जाऊन बघा. अकरा जणांनी "हो" दाबलंय. पैसे दोघांचे आलेत, त्यातला एक मी. तापोळ्याच्या मुक्कामवाल्या माणसाला मी आता काय तोंड दाखवू? ज्यांना यायचं नाही त्यांनी तसं स्पष्ट सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

पेंडसे (सी-२०१): मी "हो" मसाला दुधासाठी दाबलं होतं. पोल कोजागिरीचाच आहे असं वाटलं.

मंदार: पेंडसे, प्लीज.

कुलकर्णी काका (ए-१०२): पहाटे निघताना गाड्या गेटबाहेर ढकलत न्याव्यात आणि मेन रोडवर सुरू कराव्यात, ही नम्र विनंती. ए विंगच्या बेडरूम पार्किंगच्या डोक्यावर आहेत.

मंदार: नक्की काका. 🙏 परत एकदा प्लॅन सांगतो, नंतर कुणी "मला माहीतच नव्हतं" म्हणू नये. शनिवारी पुणे–वाई–महाबळेश्वर–तापोळा, मुक्काम. रविवारी गाड्या बार्जवर (वाहनं नेणाऱ्या सपाट बोटीवर) चढवून शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडायचा, कांदाटी खोऱ्यातून शिंदी, रघुवीर घाट उतरून खेड, मग पोलादपूर, महाड, ताम्हिणीतून घरी.

सागर (बी-१०४): आणि ताम्हिणीत कुणी मागे राहिलं तर?

मंदार: विषय काढलास ना शेवटी.

सागर: मी फक्त विचारलं. पाऊस, पंक्चर आणि मी असे तिघंच होतो तिथे, म्हणून आठवण राहिली.

जोशी काकू (ए-३०३): अहो, हे रघुवीर घाट वगैरे कुठे आलं? निनाद म्हणाला महाबळेश्वरला चाललोय.

निनाद (ए-३०३): आई, ग्रुपवर नको.

जोशी काकू: घरात सांगत नाहीस म्हणून ग्रुपवर विचारते.

अनघा (सी-५०२): काकू, खेडहून खोपी नावाचं गाव लागतं, तिथून घाट वर चढतो आणि शिंदीला कांदाटी खोऱ्यात निघतो. माझं सासर खेडचं, त्यामुळे रस्ता बऱ्यापैकी पायाखालचा आहे. घाट डांबरी आहे, पण पावसाळ्यात तिथे दरडी येतात. पाऊस गेल्यावरही वळणावळणावर बारीक खडी सांडलेली असते आणि सावलीतल्या कडेला शेवाळ असतं. म्हणूनच मंदारचा प्लॅन मला उलटा वाटतो.

मंदार: म्हणजे?

अनघा: नवीन मुलांना तो घाट उतरायला लावू नकोस, चढायला लाव. चढताना पुढचं चाक घसरलं तरी गाडी वेगात नसते, फार तर बाजूला पडते. उतरताना खडीवर पुढचा ब्रेक घाबरून दाबला की संपलं. शनिवारी ताम्हिणीतून माणगाव, महाड, कशेडीचा बोगदा, खेडला मुक्काम. रविवारी सकाळी ताज्या हातांनी घाट चढायचा, खोरं बघत दुपारपर्यंत बार्ज, तापोळा, महाबळेश्वर, वाई, घर.

सागर: अनघाताईला माझं मत.

मंदार: तुझं मत माझ्या विरुद्ध असतंच. बार्ज दुपारी मिळाली नाही तर? माझ्या प्लॅनमध्ये ती सकाळी आहे.

अनघा: तुझ्या प्लॅनमध्ये बार्ज बंद निघाली तर ट्रिप तापोळ्याच्या धक्क्यावरच संपते. मग महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी क्रीम खाऊन परत या. माझ्या प्लॅनमध्ये घाट आणि खोरं तरी पदरात पडतं. बार्ज नसलीच तर त्याच वाटेने खेडला उतरायचं.

पेंडसे: ऑक्टोबरमध्ये ताजी स्ट्रॉबेरी नसते.

सागर: आणि मग तोच घाट उतरायचा ना पण?

अनघा: हो, पण काही तासांपूर्वीच प्रत्येक वळण बघून झालेलं असेल. फरक पडतो.

कुलकर्णी काका: पहाटे निघताना गाड्या गेटबाहेर ढकलत न्याव्यात आणि मेन रोडवर सुरू कराव्यात. माझा वरचा मेसेज बहुधा गर्दीत वाहून गेला.

शिंदे, सेक्रेटरी (बी-२०२): आणि परत आल्यावर गाड्या सोसायटीच्या नळावर धुवायच्या नाहीत. मागच्या वेळी सी विंगच्या नळाला पाइप लावून चिखल काढला, दुसऱ्या दिवशी टँकर सांगावा लागला. सूचना फलकावर अजून लावलेली आहे.

सागर: ते बोअरचं पाणी होतं शिंदेसाहेब.

शिंदे: बोअर पण सोसायटीचीच आहे.

अनघा: मेन रोडला वॉशिंग सेंटर आहे, तिथे धुऊन मगच आत यायचं. प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगवर मारू नका एवढं त्या पोराला सांगा, सील जातं.

पेंडसे: घाट डांबरी आहे तर ते महागडं ड्युअल-स्पोर्ट (डांबर आणि कच्चा, दोन्हींवर चालणारी गाडी) कशाला लागतं? मी ॲक्टिवावर येतो.

मंदार: खोऱ्यात गावांमधले काही तुकडे कच्चे आहेत. लाल माती, त्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. ॲक्टिवाचं लहान चाक त्यात बसेल आणि तुम्ही हँडलवरून पुढे जाल.

अनघा: हे खरं असलं तरी खोऱ्यातली माणसं स्प्लेंडरवर मागे गॅसचं सिलिंडर बांधून याच रस्त्याने जातात हो. आपण जॅकेट, गुडघ्याचे गार्ड, बूट घालून दर वळणाला फोटो काढत जाणार आणि त्यातला एखादा दादा आपल्याला हॉर्न देऊन पुढे निघून जाणार. तेव्हा फार पराक्रमाच्या गोष्टी नकोत.

पेंडसे: 👏👏 हे पिन करा कुणीतरी.

निनाद: मंदारदादा, मी तुझी जुनी हिमालयन घेऊ का? तू नवीन घेणारेस ना.

सागर: निनाद, दोनशे किलोच्या आसपासची गाडी आहे ती. चिखलात आडवी झाली तर एकट्याने उचलशील का? एक्सपल्स १६० किलोच्या आत आहे. अनघाताईच्या दिराची आहे बघ.

मंदार: हिमालयन जड आहे म्हणूनच खाली बसून धावते. सीट बुटकी आहे, दोन्ही पाय टेकतात. एक्सपल्सच्या सीटवर निनादची बोटं टेकतील फक्त.

सागर: पाय टेकतात म्हणून लोक पाय खाली सोडतात आणि घोटा मोडून घेतात. पाय फूटपेगवरच (पाय ठेवायच्या दांड्यांवर) पाहिजेत.

जोशी काकू: कुणाचा घोटा मोडला?

निनाद: कुणाचाच नाही आई.

सागर: आणखी एक, सगळ्यांसाठी. दोन्ही गाड्यांना पुढे २१ इंची चाक, ट्यूबवालं. मागे हिमालयनला १७, एक्सपल्सला १८. प्रत्येकाने सगळ्या ट्यूब वागवायची गरज नाही. २१ची ट्यूब अडचणीला मागच्या चाकातही कोंबता येते, गाव गाठण्यापुरती चालते. टायर लिव्हर आणि हातपंप माझ्याकडे आहे. कच्च्यावर हवा थोडी कमी करा, पण फार नको. ट्यूब आहे, दगडावर आपटली की रिमखाली चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. मला ती बघायला भरपूर वेळ मिळाला होता, कुठे ते सांगत नाही.

मंदार: झालं का परत.

मंदार: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

सागर: वाचला मी.

शिंदे: वैयक्तिक चर्चा वैयक्तिक मेसेजवर करावी.

कुलकर्णी काका: पहाटे निघताना गाड्या गेटबाहेर ढकलत न्याव्यात. (तिसऱ्यांदा.) बाकी तुमच्या चर्चेत शिवसागराचं नाव आलं म्हणून लिहितो. मी पाटबंधाऱ्यात होतो. कोयनेचं धरण झालं आणि पाणी मागे पसरलं, तशी कांदाटी खोऱ्याची वरच्या बाजूची वाटच तुटली. तालुका महाबळेश्वर, पण मध्ये पाणी. कचेरीच्या कामाला लाँचने जायचं आणि बाजाराला डोंगर उतरून खेडला. रघुवीर घाट झाला तेव्हा कुठे त्या बाजूने गाडी येऊ लागली. तुमच्यासाठी बार्ज म्हणजे मजा आहे, त्यांचा तो रस्ता आहे. रांगेत गावची जीप किंवा पेशंट असेल तर तुमच्या मोटारसायकली मागे घ्या.

अनघा: अगदी बरोबर काका.

कुलकर्णी काका: कोयनेचा भूकंपही याच भागातला. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी. पुण्यात माणसं रस्त्यावर आली होती.

पेंडसे: पहाटे चार एकवीस? मंदारने गाडी सुरू केली असेल.

निनाद: 😂😂😂

कुलकर्णी काका: हसण्यावारी नेऊ नका. तो सायलेन्सर बदललेला आहे, कंपनीचा नाही.

मंदार: काका, ओरिजिनल परत लावतो ट्रिपसाठी. शब्द देतो.

कुलकर्णी काका: ट्रिपसाठी?

मंदार: कायमचा.

शिंदे: या शब्दाची नोंद घेतली आहे.

जोशी काकू: वाघाबिबट्याचं काय? परवा कुणीतरी फॉरवर्ड टाकला होता की तिकडे व्याघ्र प्रकल्प आहे.

अनघा: आहे काकू. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि आपण त्याच्या शेजारून जाणार आहोत. वाघ दिसेल अशी आशा किंवा भीती दोन्ही ठेवू नका. मला काळजी गव्याची आहे. संध्याकाळी रस्त्यावर येतो, हेडलाइटला हलत नाही आणि त्याला धडकलात तर त्याचं फारसं काही बिघडत नाही. म्हणून अंधार पडल्यावर खोऱ्यात आणि घाटात गाडी चालवायची नाही. हा नियम, यावर पोल नाही.

निनाद: मग वासोटा पण करूया ना, तिथेच तर आहे.

अनघा: वासोटा गाडीने होत नाही रे. बामणोलीहून वनखात्याची परवानगी, मग बोट, मग पायी. वेगळा अख्खा दिवस. आणि "चल इथून आत घुसून बघू" हेही नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. गावांना जोडणारा रस्ता सोडायचा नाही. ड्रोन नाही, शेकोटी नाही, स्पीकर नाही.

पेंडसे: मग करायचं काय तिथे?

अनघा: गाडी चालवायची, पेंडसे.

मंदार: ठीक आहे. मत घेतो, शेवटचं. ए) तापोळ्याकडून, बी) खेडकडून. रात्री दहापर्यंत. आणि मत देणाऱ्याने पैसेही द्यायचे.

सागर: बी.

निनाद: बी.

पेंडसे: सी) घरी.

जोशी काकू: बी. मी येत नाहीये, पण बी.

मंदार: बरं, बी. खेडला खोल्या बघतो. अनघा, तुझ्या सासरकडून कुणी ओळखीचं असेल तर सांग. तापोळ्याच्या माणसाला मीच फोन करतो, शिव्या मीच खातो.

अनघा: दिराला विचारते. शुक्रवारी बार्जवाल्याला फोन करून वेळा विचारायच्या, इंटरनेटवर वाचलेल्या धरायच्या नाहीत. खेडला टाक्या फुल्ल करायच्या, खोऱ्यात पंपाचा भरवसा नको. रेंजचाही नको, तेव्हा मॅप आधीच डाउनलोड करा. आणि रोख पैसे ठेवा, दरवेळी स्कॅन-स्कॅन नको.

सागर: आणि फाट्याचा नियम. प्रत्येकाने फाट्यावर थांबायचं, मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. मागचा दिसला नाही तर मागे फिरायचं. हे लिहूनच ठेवा.

मंदार: मान्य.

कुलकर्णी काका: पहाटे निघताना...

शिंदे: काका, मी वॉचमनला सांगून ठेवलंय. साडेचारला गेट उघडून उभा राहील, गाडी आत सुरू झाली तर नाव लिहून घेईल.

कुलकर्णी काका: आभारी आहे. बार्जवर गाडी साइड स्टँडवर लावू नका, मेन स्टँडवर लावा आणि गिअरमध्ये ठेवा. हलते ती.

सागर: काका, मेन स्टँडवर मागचं चाक अधांतरी असतं, गिअरचा उपयोग नाही. साइड स्टँड, गिअर आणि माणूस धरून उभा.

कुलकर्णी काका: आमच्या वेळी राजदूत होती.

जोशी काकू: निनादला एक्सपल्सवर पाठवते, पण त्याआधीच्या रविवारी अनघाने त्याला सिंहगड पायथ्यापर्यंत नेऊन बघावं, मगच. हेल्मेट नवीन घेतलंय, ते हातात अडकवून नाही, डोक्यात घालायचं. आणि मंदार, त्याला सर्वांत शेवटी ठेवू नकोस.

मंदार: सर्वांत शेवटी मी असणार काकू. पूर्ण ट्रिप.

सागर: स्क्रीनशॉट घेतला.