शब्दचर्चा : ‘स्प्लिट’ या आज्ञेसाठी तुकडे, भाग की खंड?

प्रश्न : युनिक्स या संगणक प्रणालीतील आज्ञांची ओळख मराठीतून लिहिताना ‘स्प्लिट’पाशी अडायला होते. एका मोठ्या फाईलपासून लहान लहान फाईली तयार करणे, हे तिचे काम. त्यासाठी विभाजन, खंड, भाग आणि तुकडे असे चार शब्द सुचतात. यांपैकी कोणता वापरावा?

उत्तर : ‘विभाजन’ मी घेणार नाही. मालमत्तेचे विभाजन झाले की मूळची एकत्र मालमत्ता उरत नाही. स्प्लिट मात्र मूळ फाईलला हातही लावत नाही, तिच्यातील मजकूर क्रमाने नव्या फाईलींत उतरवते. शब्दामुळे वाचकाची येथे चुकीची समजूत झाली, तर तो डिस्कवर तेवढीच आणखी जागा मोकळी आहे की नाही हे पाहणार नाही आणि काम अर्ध्यावर अडेल.

‘भाग’ आणि ‘तुकडे’ हे दोन्ही शब्द हवेत, कारण ही आज्ञा दोन निरनिराळ्या मापांनी कापते. काहीही न सांगता चालवली, तर ती दर १००० ओळींची एक फाईल करते आणि त्यांना एक्सएए, एक्सएबी अशी नावे देते. ‘एल’ हा पर्याय देऊन ओळींची संख्या बदलता येते. येथे एकही ओळ मध्येच तुटत नाही, प्रत्येक फाईल स्वतंत्रपणे वाचता येते, म्हणून ‘ओळींनुसार भाग करणे’ योग्य वाटते. (तक्त्याच्या फाईलीत शीर्षकाची ओळ फक्त पहिल्या भागात जाते, एवढे ध्यानात ठेवावे.) ‘भाग पाडणे’ मात्र टाळावे, त्यात सक्तीचा अर्थ डोकावतो.

‘बी’ पर्यायाने आज्ञा ओळींऐवजी बाइट (संगणकातील साठवणीचे लहान एकक) मोजते, आणि देवनागरीला याची झळ थेट पोहोचते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते. ‘कागद’ या शब्दात क, काना, ग आणि द मिळून १२ बाइट होतात. १० बाइटांवर कापल्यास पहिल्या फाईलीत ‘काग’ आणि ‘द’चा एक बाइट जातो, तर दुसरीत त्याच ‘द’चे उरलेले दोन बाइट राहतात, दोन्हीकडे त्या जागी अक्षराऐवजी निरर्थक खूण दिसते. याला ‘तुकडे करणे’ हेच म्हणावे.

प्रतिप्रश्न : मग ‘खंड’ का नको? ग्रंथाचे खंडही क्रमाने असतातच.

उत्तर : क्रमाचा मुद्दा बरोबर आहे, पण ग्रंथाचा खंड कुठे संपवायचा हे संपादक आशय पाहून ठरवतो, आणि स्प्लिट आशय पाहतच नाही. आशयातील खूण शोधून तिथे कापणारी ‘सीस्प्लिट’ ही आज्ञा वेगळी आहे. ‘खंड’ हा शब्द तिच्यासाठी राखून ठेवावा. फॅट३२ या फाईली साठवण्याच्या पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीची एक अखंड फाईल मावत नाही, म्हणून मोठी चित्रफीत बाइटांनी कापून नेतात, तेव्हा त्यातील मधली फाईल सहसा एकटी चालत नाही. तिला ‘खंड’ म्हणणे मला पटत नाही.

‘तुकडे’ म्हटल्यावर काही बिघडले असे वाचकाला वाटू नये, यासाठी जोडणीची कृती तिथेच द्यावी. ‘कॅट’ या आज्ञेने सर्व तुकडे नावांच्या क्रमाने एका नव्या फाईलीत ओतले, की ‘कागद’मधील ‘द’ही जसाच्या तसा परत मिळतो. जोडलेली फाईल मूळ फाईलशी ‘सीएमपी’ने ताडून पाहावी, दोन्हींत काहीही फरक नसेल तर ती आज्ञा काहीच छापत नाही.