मदत हवी आहे: होडीवरच्या नावासाठी तिरका, जाड देवनागरी फॉन्ट

मालवणजवळ तारकर्लीला आम्ही कयाक चालवतो. नाव आहे 'दर्यावर्दी'. सध्या होड्या काठावर आहेत, गणपतीनंतर पाण्यात उतरतील, त्याआधी त्यांच्यावर नाव लावून व्हायला हवं. अक्षर जाड, उजवीकडे झुकलेलं आणि किनाऱ्यावरून बघताना वेग जाणवेल असं हवंय.

बलू २ एक्स्ट्राबोल्ड हा जाड फॉन्ट घेऊन इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये १२ अंश तिरका केला. शिरोरेषा आडवीच राहिली, ते छान. पण 'व'चं पोट वरून बारीक आणि खालून जाड झालं आणि 'र्दी'वरचा रफार वेलांटीला चिकटला. लांबून तिथे काळा गोळाच दिसतो! टेको बोल्ड हा दुसरा फॉन्ट झुकायला बरा वाटला, पण मुळात अरुंद असल्यामुळे 'द' आणि 'व'मधली मोकळी जागा बुजते. कोन ८ अंशांवर आणला तर झुकाव कळतच नाही.

हेच नाव होडीवर विनाइलचा स्टिकर कापून आणि टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटने जाणार, त्यामुळे सावली किंवा ग्रेडियंट (गडद-फिकट होत जाणारा रंग) नको, एकाच रंगात उठून दिसायला हवं. व्यावसायिक वापराची परवानगी असलेलाच फॉन्ट चालेल, विकत घ्यायचीही तयारी आहे. फक्त नावच लिहायचं असल्याने युनिकोडचा (सगळीकडे चालणाऱ्या टायपिंग पद्धतीचा) आग्रह नाही. रोमन अक्षरं नकोत, इथल्या लोकांना नाव मराठीतच वाचता यावं असं मनापासून वाटतं.

मुळातूनच तिरका काढलेला असा जाड देवनागरी फॉन्ट कुणी वापरलाय का? नसेल, तर बलूचेच आकार हाताने दुरुस्त करताना रफार आणि वेलांटी यांपैकी आधी काय हलवावं?