जुने वाडे, घाट, विहिरींचे फोटो सपाट का येतात?

कृष्णाकाठचा_भटक्या:
नमस्कार मंडळी, मी सांगलीचा, सुट्टी मिळाली की वाई-सातारा बाजूला जुनी बांधकामं बघत फिरतो. पोपडे निघालेला चुना, झिजलेल्या पायऱ्या, तुळईवरची नक्षी हे सगळं डोळ्याला लय भारी दिसतं, पण फोटोत काळा दगड राखाडी येतो आणि भिंत म्हणजे नुसती भिंत. डीएसएलआर आहे, लेन्स किटचीच, शिवाय मोबाईल. आता वाईजवळची मेणवली आणि साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर करायचीय. नवीन लेन्स घ्यावी का?

वाईकर_घाटावरचा:
लेन्सवर आत्ता पैसे घालू नका. आपल्याकडं सगळा काळा बेसॉल्ट, कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, मग तो उगाच उजेड वाढवतो आणि दगडाचा रंग जातो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) मायनस ०.७ ते मायनस १ ठेवा, मोबाईलवर दगडावर टॅप करून ब्राइटनेस खाली ओढायचा, झालं. आणि ऊन तिरपं पाहिजे. सकाळी भिंतीला घासून ऊन जात असेल ना तर दगडावरचा टाकीचा एकेक घाव दिसतो, तेच ऊन समोरून पडलं की सगळं पुसून जातं. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा सकाळीच करा. घाटावर चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतून आलेली घंटा आहे, लोक लांबूनच फोटो काढतात आणि निघतात, तुम्ही जवळ जाऊन तिचा धातू बघा.

माहुली_संगम:
वाईकरांचं वाड्याला बरोबर आहे पण विहिरीचं गणित उलटं. लिंबची विहीर विरूबाई भोसलेंनी १७१९ ते १७२४ मध्ये बांधली, अष्टकोनी आहे आणि चांगली खोल, सकाळी गेलात तर तळ अंधारात आणि वरचा काठ पांढराफटक. तिथं दुपारी बाराच्या सुमाराला जा, ऊन सरळ आत उतरतं, मे महिन्यात तर सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो. पावसाळ्यात गेलात तर दगड ओला होऊन गडद दिसतो, शेवाळाचा हिरवा खुलतो, पण पायऱ्या निसरड्या असतात, व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागं सरकायचं नाही म्हणजे नाही.

जुन्या_पेठेतली:
मी साताऱ्यात वाड्यात राहते म्हणून जरा वेगळं सांगते. एचडीआर (वेगवेगळ्या उजेडाचे फोटो जोडणं) आणि क्लॅरिटी (बारकावे ठळक करणं) इतकी ताणतात लोक की राहतं घर भुताचा वाडा दिसायला लागतं, कृपा करून ते नको. पडकं तेवढंच शोधू नका, वापराच्या खुणा शोधा. आमच्या जिन्याजवळ सागवानी खांब आहे, हात पोचतो तेवढ्या पट्ट्यात लाकूड काळंभोर गुळगुळीत झालंय आणि त्याच्यावर कोरडं, भेगाळलेलं, कारण माडीवर जाताना घरातलं प्रत्येक जण तिथंच हात टेकतं. बाहेरून येऊन दरवाजाचा फोटो काढून जाणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारातून, हाक मारा, विचारा, बहुतेक जण चहा पाजून आत नेतात. वाटण्या होतायत, वाडे पाडून अपार्टमेंट उभी राहतायत, तर नक्षीबरोबर पूर्ण चौक, कोनाडे, कडी-कोयंडा असं सगळं काढून ठेवा आणि घरच्यांना पाठवा, प्रिंट दिलीत तर अजूनच चांगलं. आमच्या शेजारचा वाडा गेला, त्यांच्याकडं आता ओसरीचा फोटो फक्त लग्नाच्या अल्बममध्ये आहे, तोही माणसांच्या मागं अर्धा.

कृष्णाकाठचा_भटक्या:
ताई, हे डोक्यातच नव्हतं, धन्यवाद. म्हणजे सकाळी मेणवली, दुपारी लिंब. ओसरीत उभं राहून चौकाचा फोटो काढला की एकतर ओसरी काळी नाहीतर चौक पांढरा, त्याला काय करायचं?

वाईकर_घाटावरचा:
ट्रायपॉड लावून एक नॉर्मल, एक कमी, एक जास्त एक्स्पोजरचा असे तीन काढा आणि नंतर हलक्या हातानं जोडा. ट्रायपॉड नसेल तर खांबाला टेकून रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाईल, जेपीईजी नव्हे) काढा, चौकातलं ऊन जळणार नाही असं एक्स्पोजर धरा, सावली नंतर थोडी उचलता येते. आणि कॅमेरा वर वाकवू नका, खांब आत झुकल्यासारखे येतात, त्यापेक्षा मागं सरका किंवा समोरच्या माडीवर जाऊ देतात का विचारा. फक्त माडीची जमीन पेलते का ते आधी घरच्यांना विचारा, ते म्हणतील तिथंच पाय ठेवायचा.